बारवर राहून गेलेल्या प्लेटा

थंडीतलं लोखंड हाताला आधी चावतं आणि मग हळूहळू ओळख देतं. यंदा मार्गशीर्षात आठ दिवसांची रजा घेऊन गावी आलो. दुसऱ्याच सकाळी फागूजींच्या व्यायामाच्या शेडमध्ये जाऊन बार हातात धरला, तेव्हा तळव्यांतून तोच जुना चटका दंडापर्यंत गेला. बाहेर धुकं होतं. कापणी झालेल्या बांध्यांमध्ये धानाची खुंटं ओली होऊन उभी होती, आणि धुक्याच्या वर कुठेतरी, बिरसीच्या धावपट्टीवरून उठलेलं एक छोटं विमान गुरगुरत फेऱ्या मारत होतं. शिकाऊ वैमानिकांची ही विमानं धुक्यात दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. आवाज लांब जातो, विरतो, आणि विसरलो असं वाटेपर्यंत पुन्हा डोक्यावर येतो.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यातही तो असाच येत-जात होता. मी तेवीस वर्षांचा होतो. पोलीस भरतीची जाहिरात निघाली होती आणि आजूबाजूच्या चार गावांतली पोरंपोरी सकाळी सकाळी डांबरी रस्त्यावर पळत होती. धुक्यात आधी बुटांचे आवाज यायचे, मग वाफाळलेला श्वास, मग माणूस. पळून झालं की सगळे फागूजींच्या शेडमध्ये शिरायचे. त्या ऋतूची आठवण आली की मला आधी वास येतो. धानाच्या ओल्या तणसाचा, गंजाचा, घामाचा आणि शेडच्या मागे फागूजी शेकोटीत जाळायचे त्या पळसाच्या काटक्यांचा. सगळे वास एकमेकांत मिसळलेले. आता एखादा जरी नाकाला लागला तरी बाकीचे मागोमाग येतात, आणि त्यांच्यामागून वंदना येते.

फागूजी उईके राईस मिलमध्ये फिटर होते. तिथून मोकळे झाल्यावर त्यांनी मिलच्या भंगारातलं लोखंड आणलं आणि रस्त्यालगतच्या आपल्या टिनाच्या शेडमध्ये व्यायामाचं सामान स्वतःच जोडलं. जुन्या शाफ्टचे बार केले. पट्ट्याच्या चाकांतून प्लेटा कापून घेतल्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं वजन लिहिलं. कोणती प्लेट जाड, कोणती पातळ, पण वजनाला एकही खोटी नाही. झोपून बार उचलायचा बाक होता, त्याचे दोन खांब त्यांनी जागेअभावी जरा जवळजवळच लावले होते. आरसा नव्हता. गाणी नव्हती. भिंतीवर गेरूनं चार ओळी लिहिल्या होत्या. वजन जागेवर ठेवा. बाक अडवून बसू नका. घाम पुसा. दुसऱ्याच्या वजनाले हसू नका.

मी चारही मोडत असे. आता हे लिहिताना हसू येत नाही. बाकावर बसून मी मोबाईल बघायचो आणि कोणी समोर येऊन उभं राहिलं तर मान वर न करता दोन बोटं दाखवायचो, म्हणजे अजून दोन फेऱ्या बाकी आहेत. त्या दोन कधीच दोन नसायच्या. घामाचा ओला आकार बाकावर तसाच सोडून उठायचो. कोणी नवीन आला की न विचारता त्याचं कोपर पकडून असं नाही, असं कर म्हणून शिकवायचो, आणि तो दहा किलो उचलत असला तर शिकवताना जरा मोठ्यानं बोलायचो, म्हणजे इतरांनाही ऐकू जावं. वजन खाली ठेवायचो नाही, टाकायचो. टिनाचं छप्पर झणझणलं की बरं वाटायचं.

आणि प्लेटा. बारवरच्या प्लेटा मी कधी काढल्याच नाहीत. लोकांना वाटे आळस आहे. आळस नव्हता. शेडमध्ये सगळ्यांत जास्त वजन मी उचलत होतो, आणि मी घरी गेल्यावरही ते बाकाच्या वर तसंच दिसत राहावं, पुढच्या माणसानं ते बघावं, मोजावं आणि मगच उतरवावं, असं मला आतून वाटायचं. हे मी त्या वेळी स्वतःशीही बोललो नसतो.

ते उतरवावं लागायचं वंदनाला. वंदना रामटेके. आठवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. बौद्धविहाराला लागून तिचं घर. वडील बांधकामावर जायचे, आई रोवणीला आणि कापणीला आमच्या शेतात यायची. भरतीच्या तयारीसाठी गावातल्या आणखी दोन मुलींना घेऊन ती शेडमध्ये येऊ लागली तेव्हा फागूजींनी त्यांना सकाळची शेवटची वेळ दिली, पुरुषांचं आटोपल्यावर. बाकावर माझी पाळी शेवटी असायची, म्हणून माझ्यामागून ती.

ती येताना जुनी ओढणी आणायची. आधी बाक पुसायची, मग तीच ओढणी बाकावर अंथरायची. मग माझ्या प्लेटा. एक डावीकडची, मग फेरा मारून एक उजवीकडची, पुन्हा डावीकडची, पुन्हा उजवीकडची. प्लेट पोटाशी धरून भिंतीपर्यंत न्यायची आणि आवाज न होऊ देता टेकवायची. पंचवीस पंचवीस किलोच्या चार प्लेटा उतरवल्यावर तिचा स्वतःचा व्यायाम सुरू व्हायचा. मी कधीकधी दारात बूट बांधता बांधता हे बघायचो. मनात काही यायचं नाही. घरात आई केर काढताना दिसते, तसं ते दिसायचं.

एकदाच तिनं विचारलं. बार पुसत होती, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "योगेश, तू प्लेटा काऊन नाही काढत?"

"काढ ना तू. तेवढाच व्यायाम," मी म्हणालो. दोघंतिघं हसले. ती हसली नाही आणि चिडलीही नाही. तिनं पहिली प्लेट ओढली.

त्या दिवसाबद्दल आता सरळ सांगतो. मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले होते. धुकं इतकं होतं की शेडच्या दारातून समोरची बाभूळ दिसत नव्हती, आणि लाईन गेलेली होती. आत राखेसारखा उजेड होता. मी माझं उचलून उठलो. दोन्ही बाजूंना दोन दोन मोठ्या प्लेटा. मग चटईवर पोटाचा व्यायाम करायचा होता, त्यासाठी छातीवर धरायला वजन हवं होतं. भिंतीजवळ दुसऱ्या प्लेटा होत्या. पण चार पावलं जाण्याचा कंटाळा, म्हणून हाताशी होती ती डावीकडची बाहेरची प्लेट मी ओढून घेतली. उजवीकडच्या दोन्ही तशाच. डावीकडे एकच राहिली, आणि ती नेमकी जाड होती. अंधारात बघणाऱ्याला दोन वाटावी अशी.

चटई कोपऱ्यात होती. मी तिथं पडून वर-खाली होत होतो. वंदना आली, बाक पुसला, ओढणी अंथरली आणि रोजच्यासारखी डावीकडे गेली.

पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं. लोखंड खांबावर घासल्याचा लांब आवाज, मग टिनाची भिंत फुटल्यासारखा, मग काहीच नाही. डावी बाजू रिकामी होताच उजवीकडचं सगळं वजन खाली गेलं होतं, आणि बारचं डावं टोक वर उसळून तिच्या उजव्या मनगटावर बसलं होतं. ती खाली बसली होती. हात मांडीवर ठेवला होता आणि त्याच्याकडे असं बघत होती, जसं कोणी दुसऱ्याचं काही सांभाळायला दिलं आहे. रडली नाही. फागूजी मागच्या शेकोटीवरून पळत आले. सगळे तिच्याभोवती जमले. मीही गेलो.

आणि जाताना मी माझ्या चटईजवळची प्लेट उचलली. का उचलली, हे मी आठ वर्षं स्वतःला विचारलं आहे. ठरवून काही केल्याचं आठवत नाही. हातांनी केलं. वंदनानं ओढलेली प्लेट बाकाच्या डाव्या बाजूला जमिनीवर पडली होती, तिच्या शेजारी मी ती टेकवली. आवाज न होऊ देता.

फागूजींनी बार बघितला, मग जमिनीवरच्या प्लेटा बघितल्या. डावीकडे दोन. त्यांनी तिला विचारलं, दोन्ही प्लेटा एकाच बाजूच्या काढल्या काय बाई. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कळवळा होता. वंदना म्हणाली, मी एकच काढली, दुसरी नव्हतीच. सगळ्यांनी त्या दोन प्लेटांकडे बघितलं. कोणी तिला खोटं म्हटलं नाही. तिच्यासोबतच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, एक जण म्हणाला की घाबरल्यावर ध्यानात राहत नाही, आणि तेवढ्यावर ती गोष्ट मिटली. फागूजींनी मोटरसायकल काढली आणि तिला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेले. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

त्यानंतर फागूजींनी मुलींची वेळ बंद केली. नाइलाजानं केली. पोरीच्या जातीला काही झालं तर जिम्मेदारी कोण घेईल, असं ते प्रत्येकाला सांगत राहिले, आणि सांगताना जमिनीकडे बघत राहिले. त्या दोन मुली घरी बसल्या. वंदनाला तिचे वडील बोलल्याचंही कानावर आलं. शिकून न घेता नसत्या जागी हात घालते, असं काहीसं. मी हे सगळं ऐकत होतो आणि रोज वजन उचलत होतो. कुणालातरी सांगावं असं वाटायचं ते सकाळी उठल्या उठल्या, पांघरुणात. तोंड धुतलं की ते जायचं.

पुढच्या आठवड्यातली एक दुपार माझ्यात कायमची राहिली आहे. धुकं फिटलं होतं आणि ऊन पातळ मधासारखं सगळ्या शिवारावर पसरलं होतं. आमच्या कापलेल्या बांधीत तणसाचा ढीग रचला होता, मी त्याच्या मागे सावलीला उभा होतो. तेव्हा थप असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा थप. वाकून बघितलं तर बांधीच्या त्या टोकाला वंदना. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. डाव्या हातात चाचणीत फेकायचा असतो तसा लोखंडी गोळा. ती तो मानेशी लावायची, वळायची, फेकायची. गोळा फार लांब जात नव्हता. मग ती चालत जायची, वाकायची, एका हातानं तो उचलायची, ओढणीला पुसायची आणि मागे यायची. वर दोन विमानं होती, एक उतरत होतं, एक चढत होतं. ती वर बघत नव्हती. जन्मभर उजव्या हातानं जेवलेलं, लिहिलेलं माणूस तीन आठवड्यांत डाव्या हाताला सगळं शिकवू बघत होतं.

मी बांधीच्या कडेला, धुऱ्यापर्यंत गेलो. खरंच गेलो. मनात वाक्य तयार होतं. तिनं मान वळवून माझ्या दिशेनं बघितलं, आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. नाडी बांधलेलीच होती. सोडून पुन्हा बांधली. वर बघितलं तेव्हा ती गोळा आणायला निघाली होती.

चाचणीच्या दिवशी तिनं लांब बाह्यांचा कुर्ता घातला आणि प्लास्टर आत लपवलं. मैदानावर ते दिसलंच, पण स्वतःच्या जबाबदारीवर फेकते म्हणून ती अडून राहिली. आमच्या गावातली एक मुलगी तिथं होती, तिनं नंतर सांगितलं की धावण्यात वंदना आपल्या तुकडीत पहिली आली. मग डाव्या हातानं गोळा फेकला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण गोळा जायला हवा होता त्याहून हातभर अलीकडे पडला. यादीत तिचं नाव नव्हतं. माझं होतं.

आईनं गावभर पेढे वाटले. आमच्या अंगणात धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं आणि वंदनाची आई तिथंच कामाला होती. तिनं पदराला हात पुसले, पेढा घेतला, मला दीर्घायुष्य चिंतलं आणि म्हणाली, आमच्या पोरीचं नशीब नव्हतं. मी तिच्या पाया पडलो. तिला त्याचं फार कौतुक वाटलं. मालकाच्या मुलानं पाया पडावं, याचं.

नंतरची वर्षं मी कुठे कुठे होतो. प्रशिक्षण झालं. केशोरीकडे नेमणूक झाली, तिथल्या जंगलाच्या कडेला भातशेतीत उतरणारा हिवाळा आमच्यासारखाच असतो. पण तिथं विमानं नाहीत आणि शांतता इतकी असते की माणसाला आपलं आपण ऐकू येतं. तिथं मला एक स्वप्न पडायला लागलं. मोठं भयंकर काही नाही. धुक्यात एक बार आहे आणि तो अगदी सावकाश, झाडाच्या फांदीसारखा, एका बाजूला झुकतो आहे. पडत नाही. मी दुसऱ्या बाजूला प्लेट लावायला धावतो, तर हातात पेढा असतो.

आता बदली गोंदियात आहे. शहरातल्या जिममध्ये जातो. भिंतभर आरसे आहेत, थंड हवा आहे, आणि तिथलं कोणीही मला काही नवीन दाखवत नाही. बाकावर बसून रील बघणारा मी आहे. आरशासमोर उभा राहून मागच्याची वाट अडवणारा मी आहे. किंचाळत वजन आपटणारा, दुसऱ्याच्या कोपराला हात घालणारा, सगळा मीच, केस जरा वेगळे कापलेला. लोकांनी टाकून दिलेल्या प्लेटा मी उचलून जागेवर ठेवतो. एकदा एक कॉलेजचा मुलगा संकोचून म्हणाला, "रहने दो ना सर, कोई ना कोई उठा लेगा." तो उद्धट नव्हता. चांगल्या घरचा वाटत होता.

कोणी ना कोणी. त्या शब्दांपाशी मी बराच थांबलो. आमच्या घरात पूर्वज माळव्यातून इतक्या लांब आले, जंगल साफ केलं, बांध्या घातल्या, हे अभिमानानं सांगतात. पण जेवण झालं की ताट तिथंच सोडून हात धुवायला उठायचं, हेही त्याच घरात शिकलो. ताट कोण उचलतं, हे बघायला मागे वळायचं नसतं. रोवणी कोणाच्या पाठीवर होते, अंगण कोण सारवतं, धुतलेला गणवेश खुंटीला कसा येतो, काही बघायचं नसतं. शेडमध्ये मी वेगळं काय केलं? मी नेहमीसारखा उठलो. एवढंच की त्या दिवशी माझ्यामागून उचलणाऱ्या माणसाचा हात मोडला.

या सुट्टीत शेडमध्ये गेलो त्या पहिल्याच सकाळी वंदना दिसली. मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिनंच फागूजींच्या दारात येऊन मुलींची वेळ पुन्हा मागितली होती, आणि शिकवत नाही म्हणून चुका होतात, तर शिकवा, असं म्हटलं होतं. आता सकाळी सहा-सात बायका येतात. तिचं लग्न जवळच दवनीवाड्याला झालं, मुलगी अंगणवाडीत जाते. सध्या धान खरेदी केंद्रावर काट्याजवळ कामाला आहे, हंगामभर पोती मोजून देते. नंतरच्या भरतीला ती बसली होती, तेव्हा लेखी परीक्षेत राहिली. हे सगळं फागूजींनी सांगितलं. ते फार वाळले आहेत, कानानं कमी ऐकतात, पण दर दोन महिन्यांनी प्लेटांवरचा पांढरा रंग अजून स्वतः उजळतात.

ती मला बघून हसली, कधी आला म्हणाली, आई बरी आहे का विचारलं. तीन दिवस मी येत राहिलो आणि तीन दिवस नुसतं वजन उचलून परत गेलो. घरी गेल्यावर जेवत नव्हतो. चौथ्या दिवशी बायका यायच्या वेळी थांबून राहिलो. वंदना आणि बाकीच्या बायका आल्या तेव्हा बाक रिकामा होता. फागूजी खुर्चीत बसले होते. मी शेडच्या मधोमध उभा राहिलो आणि सांगितलं. त्या दिवशी डावीकडची एक प्लेट मी आधीच काढून नेली होती. वंदनानं एकच काढली, ती खरं बोलत होती. दुसरी मी नंतर आणून ठेवली. फागूजींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि एकेक वाक्य दोनदा.

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजात शेड थोडी थरथरली आणि पुन्हा शांत झाली. वंदना बाकाच्या टोकावर बसली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"तेव्हापासूनच. माझा हात मोडला होता, डोळे नाही. तू प्लेट उचलून आणली, हळूच ठेवली. म्हटलं बाप्पा, हा प्लेट जागेवर ठेवून राहिला, आजच पाहिलं."

मी विचारलं, मग बोलली काऊन नाही.

"बोलली ना मी. सगळ्यांसमोर बोलली, एकच काढली म्हणून. कोणी ऐकलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तू बोलला असता तर ऐकलं असतं. तेवढाच फरक होता."

मी माफी मागितली. ती बघत राहिली, शेजारच्या शेतात काय पेरलं आहे हे दुरून बघावं तशी. मग तिनं सांगितलं की माफीचं तिला आता काय करायचं ते समजत नाही. पहिली दोन वर्षं तिला वाटायचं की योगेश येईल, सांगेल, आणि बाबा आपल्याला बोलले ते मागे घेतील. बाबा मागच्या उन्हाळ्यात गेले. ते तसेच गेले, पोरगी निष्काळजी आहे असं धरून. हे सांगताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तेवढ्यात फागूजी खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. "बाई, मी तुले खोटी धरलं," ते म्हणाले. "वेळ बंद केली मी. गलती माझी होती." ती झटकन उठली आणि त्यांचे जोडलेले हात तिनं सोडवले. बसा म्हणाली, बसा काका, आणि त्यांना धरून खुर्चीपर्यंत नेलं. मग तिथंच, त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. तिच्या सोबतिणींनी आपापली वजनं घेतली. मला वाटलं, आता निघावं.

मी दारापर्यंत गेलो तेव्हा तिनं हाक मारली. बाकावर तिनं ओढणी अंथरली होती, बारला प्लेटा लावल्या होत्या.

"मागे उभा राह," ती म्हणाली.

झोपून छातीवर बार घेताना मागे माणूस लागतो. उचलणाऱ्याचे हात थकले आणि बार गळ्यावर येऊ लागला तर तो धरायला. त्यानं हात बारच्या खाली ठेवायचे, दोन बोटांच्या अंतरावर, पण लावायचे नाहीत. लवकर लावले तर समोरच्याची मेहनत वाया जाते, उशीर केला तर जीव जातो. बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. इतकी वर्षं वजन उचलूनही मी हे काम क्वचित केलं होतं. माझ्यामागे कायम कोणीतरी असायचं, मी कोणाच्या मागे नसायचो.

ती झोपली, बार उचलला. सहा वेळा तो नीट वर गेला. सातव्यांदा अर्ध्यात अडकला. उजवं मनगट थरथरू लागलं. बार किंचित त्या बाजूला कलला. हात लावू का, मी विचारलं.

"नको."

मी हात तिथंच ठेवले. किती वेळ गेला कोण जाणे. तिनं श्वास सोडला, आणि बार एका रेषेत, हळू, वर आला. तिनं तो खांबांवर टेकवला आणि उठून बसली. कपाळ पुसलं. ओढणी काढून झटकली, उलटी करून पुन्हा बाकावर अंथरली.

"आता तू झोप," ती म्हणाली. "मी राहते मागे."

मी झोपलो. वर टिनाचं छप्पर होतं आणि त्याच्या अलीकडे, माझ्या तोंडासमोर, तिचे दोन तळवे उघडे, वर केलेले. उजव्या मनगटाचं हाड एका बाजूनं जरा उंच आलं होतं. इतक्या जवळून ते मी पहिल्यांदा पाहत होतो. त्याच्याकडे बघत मी बार हातात घेतला.